सातबाऱ्यावरून नाव गेलेलं यंत्र

(मालवणात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावरचं हे करडं चपटं खोकं पाहून आत येताना दोघातिघांनी मला विचारलं, जुना व्हीसीआर का? नव्हे. हा कॉम्प्युटर आहे. सन कंपनीचं स्पार्कस्टेशन ५, १९९४ साली बाजारात आलेलं मॉडेल. मी मुंबईत एका कारखान्यात पंपांची माहितीपुस्तकं लिहीत असे, ती याच खोक्यावर, फ्रेममेकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. खोकं भंगारात निघालं तेव्हा किलोच्या भावाने मीच उचललं. सॉफ्टवेअरची सीडी आणि लायसन्सचं पत्रही सोबत आलं. निवृत्त होऊन गावी आलो आणि हे गेलं पोटमाळ्यावर. अकरा पावसाळे तिथेच होतं.

गेल्या वर्षी शेजारच्या बागायतदाराचा पंप बिघडला. पंप आमच्याच कारखान्याचा, आणि त्याच्या सुट्या भागांची आकृती मीच कधीतरी काढलेली. फाइल होती, उघडायला काही नव्हतं. फ्रेममेकर आजही मिळतं, पण भाड्याने. स्वतःचं रोख मोजून घेतलेलं माळ्यावर पडलेलं असताना भाडं का भरा? कोकणी माणसाचा हिशेब, दुसरं काय.

खाली उतरवलं तर मागच्या स्कझी पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरची डिस्क जोडायच्या खाचेत, मातीचं घर. आपण कुंभारीण म्हणतो त्या माशीने बांधलेलं. ते दाभणाने कोरून काढलं. मेमरीच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेने हिरवट थर चढला होता, तो शाळेतल्या खोडरबराने गेला. जुनी डिस्क मात्र फिरेचना. तिच्या जागी मेमरी कार्ड बसवायचा जोड मिळतो, तो लावला. स्क्रीन नव्हताच. पण या मशीनची एक खोड फार चांगली आहे. कीबोर्ड काढून ठेवला की ते आपणहून सिरियल पोर्टवर बोलू लागतं. लॅपटॉप ९६०० बॉडच्या वेगावर जोडला, बटण दाबलं.

बोललं. म्हणालं, माझ्या आयडीप्रॉममधला मजकूर खोटा आहे. आणि इथरनेटचा पत्ता दाखवला तो सगळा एफ, एफ, एफ. शेजारचे सोनार डोकावले होते. म्हणाले, "अण्णानू, ह्या काय नवीन खूळ?" मी समजावलं, की यात एक चिप असते, तिच्या पोटात बॅटरी असते आणि यंत्राची ओळख तिच्यावर लिहिलेली असते. बॅटरी मेली की ओळख पुसली. ते लगेच म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावरचा नाव गेला म्हणा!" मी वीस मिनिटं समजावलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आणि खरं दुखणं तिथेच होतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टमवरचं महाग सॉफ्टवेअर त्या काळी यंत्राच्या होस्ट-आयडीला, म्हणजे त्या चिपवरच्या ओळख-क्रमांकाला, बांधून देत. लायसन्सचा सांकेतिक शब्द त्या आयडीवरूनच काढलेला असे. घर उभं आहे, किल्ली हातात आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही. मग कसला हक्क सांगणार?

चिप आहे एम-४८-टी-०८, अठ्ठावीस पायांची. बॅटरी तिच्या डोक्यावर, राळेसारख्या कडक मसाल्यात कायमची गाडलेली. बदलता येऊ नये अशीच रचना. ज्याने कोणी केली त्याच्या दारात एकदा आपला जुलैतला पाऊस पडावा. सोनारांनी आपली बारीक कानस आणली, मसाला घासून आतल्या दोन तारा उघड्या केल्या. तिथे घड्याळ्याकडे मिळणाऱ्या सीआर-२०३२ सेलचा कप्पा झाळला. दागिन्याला डाग देणारा हात होता, माझा असता तर चिप जळाली असती.

मग नाव चढवायचं. हे काम 'ओके' अशा दोन अक्षरी प्रॉम्प्टवर होतं. तिथे आतून फोर्थ ही प्रोग्रामिंगची भाषा असते. 'एमकेपी' आज्ञेने सोळा बाइट एकेक करून लिहायचे: पहिला नमुन्याचा, दुसरा यंत्राच्या जातीचा, म्हणजे इथे ८०, मग सहा इथरनेटचे, चार तारखेचे, तीन अनुक्रमांकाचे. सोळावा म्हणजे आधीच्या पंधरांची एक्सऑर बेरीज, हातचा न धरता केलेली, पडताळणीसाठी. ती जुळली नाही तर यंत्र पुन्हा ओरडतं.

माझी जुळली. सोलारिस २.५.१, म्हणजे सनचं युनिक्स, चढलं. त्यासाठी सीडी ड्राइव्हही ५१२ बाइटच्या ब्लॉकने वाचणारा लागतो, साध्या पीसीचा बहुधा चालत नाही. फ्रेममेकरची सीडी घातली, फाइली उतरल्या, आणि सॉफ्टवेअर म्हणालं, लायसन्स या यंत्राचं नाही. दोन संध्याकाळी गेल्या. लायसन्सचं पत्र होतं फॅक्सच्या गुळगुळीत कागदावरचं, अक्षरं फिकी पडलेली, आणि आकडे मी त्यावरूनच घेतले होते. तिसऱ्या दिवशी चिपवरची पिवळी बारकोडची पट्टी भिंगाखाली धरली, तेव्हा कळलं: मी ज्याला बी समजत होतो तो आठ होता. माझी बेरीज बरोबरच होती, फक्त चुकीच्या नावाची होती. तलाठ्याकडे हेलपाटे घातलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

जाता जाता एक. लोकांना वाटतं युनिक्स म्हणजे प्रोग्रामर लोकांचं, त्यावर लिखाण कसलं? उलट आहे. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत युनिक्स घडवणाऱ्या थॉम्प्सन आणि रिची यांच्या गटाला पीडीपी-११ हे यंत्र मिळालं ते मजकूर तयार करायची सोय करून देऊ या बोलीवर, आणि १९७१ मध्ये तिथलं पेटंट खातं त्यावर अर्ज टाइप करू लागलं. फ्रेममेकरही सनच्याच यंत्रावर जन्मलं. चार्ल्स कॉरफिल्ड नावाच्या गणित्याने १९८६ च्या सुमारास ते लिहायला घेतलं, १९९५ मध्ये अडोबीने कंपनीच विकत घेतली.

मराठीचं काय, असं ग्रंथपालबाईंनी मघाशी विचारलं. या फ्रेममेकरमध्ये मराठी नाही. पण फ्रान्स वेल्थाउस या डच गृहस्थाने १९९१ मध्ये टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी देवनागरी केली, ती या यंत्रावर चालते. रोमन अक्षरांत लिहायचं, टिंब देऊन टी-एच लिहिलं की ठ उमटतो. आजच्या कार्यक्रमाची पत्रिका तशीच छापली आहे. जोडाक्षरं बघा, आपल्या नव्या फोनपेक्षा देखणी आहेत.

पंपाची आकृती उघडली. सील क्रमांक सात. बागायतदाराने तो कोल्हापुरात करून घेतला.

आता यंत्र चालू करतो, पुढे येऊन बघा. फक्त लवकर या. या जुन्या सोलारिसमध्ये डिस्कवर होणाऱ्या बदलांची नोंदवही ठेवायची सोय नाही, ती १९९८ च्या सोलारिस ७ मध्ये आली. मध्येच लाईट गेली तर अख्खी डिस्क तपासत बसतं, आणि बाहेर ढग भरून आलेत.