अंथरुणावरचा सेनापती

(चित्रपट रसिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी सेनापती जनरल जॉर्ज पॅटन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे १९७० सालचा ‘पॅटन’ येतो. पडदाभर पसरलेला अमेरिकेचा झेंडा आणि त्याच्यापुढे छातीवर पदकं लावून उभा असलेला जॉर्ज सी. स्कॉट. त्या चित्रपटाला सात ऑस्कर मिळाली. त्यातलं एक स्कॉटचं होतं आणि ते त्याने नाकारलं. हाच स्कॉट सोळा वर्षांनी, १९८६ मध्ये, पुन्हा पॅटन झाला. या वेळी टीव्हीसाठी. चित्रपटाचं नाव ‘द लास्ट डेज ऑफ पॅटन’, दिग्दर्शक डेल्बर्ट मान. फार थोड्यांनी पाहिलेल्या या दुसऱ्या चित्रपटाबद्दल मला आज बोलायचं आहे.

पहिल्या चित्रपटातला पॅटन पाहताना आपण त्याची चाल पाहत असतो. तो जीपमध्ये उभा राहतो, चिखलात उतरून रणगाड्यांना वाट करून देतो, नकाशावर छडी आपटतो. दुसऱ्या चित्रपटाच्या उत्तरार्धात त्याला मानसुद्धा वळवता येत नाही. नटाकडून हात, पाय, खांदे सगळं काढून घेतलं तर त्याच्याकडे चेहरा आणि आवाज एवढंच उरतं. खऱ्या पॅटनचा आवाज बारीक आणि काहीसा किनरा होता, स्कॉटचा घोगरा. पण लोकांच्या कानात आता स्कॉटचाच आवाज बसला आहे, आणि आज्ञा द्यायला घडवलेला तो आवाज नर्सशी बोलताना ऐकणं हा माझ्या मते या चित्रपटातला सर्वांत मोलाचा अनुभव आहे.

प्रसंग तसा साधा आहे. ९ डिसेंबर १९४५, रविवार. युरोपातलं युद्ध संपून सात महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी पॅटन सुट्टीवर अमेरिकेला निघणार होता, म्हणून त्याचे सहकारी जनरल गे यांनी त्याचं मन रमवायला तितरांच्या जातीच्या फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा बेत आखला. जर्मनीत मॅनहाइमजवळ समोरून आलेला लष्करी ट्रक डावीकडे वळला आणि त्यांची कॅडिलॅक त्याच्यावर आदळली. वेग फार नव्हता. गे आणि चालक किरकोळ खरचटण्यावर सुटले. मागच्या सीटवर बसलेला पॅटन मात्र पुढे फेकला गेला, डोकं आपटलं आणि मान मोडली. मानेखालचं शरीर तिथल्या तिथे लुळं पडलं. रस्त्याकडेला मोडक्या वाहनांचे ढीग पडले होते. ते पाहून युद्धात किती नासाडी होते असं काहीतरी तो बोलत होता आणि तेवढ्यात धडक झाली, असं सांगतात.

हायडेलबर्गच्या लष्करी इस्पितळात तो बारा दिवस होता. २१ डिसेंबरला फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून गेला. वय साठ.

या बारा दिवसांत डॉक्टरांनी काय केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण चित्रपट बघताना त्या खोलीची कल्पना त्यावरूनच येते. मानेचे मणके सरकू नयेत म्हणून कवटीला चिमटे लावून डोकं वजनाने ताणून धरावं लागे. ते चिमटे निसटू लागले तेव्हा गालाच्या हाडांखाली आकडे अडकवले. हा सल्ला होता ह्यू केर्न्स यांचा. ऑक्सफर्डचे हे मेंदूशल्यविशारद लंडनहून विमानाने आले होते. १९३५ मध्ये मोटरसायकल अपघातात जखमी झालेल्या टी. ई. लॉरेन्सवरही, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’वरही, याच केर्न्सनी उपचार केले होते. तो वाचला नाही. पुढे केर्न्सनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि हेल्मेट सक्तीचं होण्यामागे त्या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. पुण्यात हेल्मेटवरून इतके वाद होतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दोन नामांकित योद्धे, दोघांवरही भव्य चित्रपट निघाले, दोघेही शांततेच्या काळात रस्त्यावर कोसळले आणि दोघांच्याही उशाशी तोच डॉक्टर उभा होता.

अमेरिकेहून पॅटनची पत्नी बिॲट्रिस आली. तिच्याबरोबर आले डॉ. ग्लेन स्परलिंग. ‘मला पुन्हा घोड्यावर बसता येईल का?’ असं पॅटनने त्यांना विचारलं. तो मुळात घोडदळाचा माणूस. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये, म्हणजे घोडेस्वारीसह पाच खेळांच्या स्पर्धेत, पाचवा आला होता. स्परलिंगनी नाही म्हणून सांगितलं. म्हणजे फार तर अर्धवट अपंगाचं जगणं, एवढीच आशा. पॅटनने खरं सांगितल्याबद्दल त्यांचे आभार मानले. नर्सेसच्या सांगण्यानुसार तो अतिशय समजूतदार रुग्ण होता. बिॲट्रिस त्याला वाचून दाखवत असे. चित्रपटात ही भूमिका इव्हा मेरी सेंटने केली आहे, फार संयमाने. नवऱ्याचा स्वभाव पस्तीस वर्षं ओळखणारी बाई त्याच्या खोलीत कशी बसेल, तशी ती बसते.

चित्रपट मध्येमध्ये भूतकाळात जातो. तो भाग मला सर्वांत कच्चा वाटतो. रुग्ण डोळे मिटतो आणि आपण तारुण्यात पोचतो, ही टीव्हीची सोयीची वाट आहे.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. शेवटच्या दिवसांवरचा चित्रपट त्याच्या रचनेमुळेच प्रेक्षकाकडून क्षमा मागून घेतो. आपल्याकडे ‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन आहे आणि प्रतापगडाखालची अफझलखानाची कबर दाखवताना आपण ते अभिमानाने उच्चारतो. ते योग्यच आहे. पण वैर संपणं वेगळं आणि हिशेब संपणं वेगळं. गालाखाली आकडे अडकवलेल्या माणसावर कुणाला राग धरता येईल? म्हणून तर अशा चित्रपटाच्या प्रेक्षकाने अधिक जागं राहायला हवं.

ऑगस्ट १९४३, सिसिली. लष्करी इस्पितळांना भेट देताना पॅटनने दोन वेगवेगळ्या दिवशी दोन सैनिकांवर हात उचलला. अंगावर जखम दिसत नव्हती, मनाने खचले होते, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांना त्याने भित्रे म्हटलं. दुसऱ्या प्रसंगी तर पिस्तूलही बाहेर काढलं. पुढे त्याचा वरिष्ठ सेनापती आयझेनहॉवर याच्या हुकमाने त्याला माफी मागावी लागली. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी हाच माणूस इस्पितळाच्या खाटेवर आहे, दुसऱ्यांनी भरवल्याशिवाय घासही घेऊ शकत नाही, आणि त्याच्याशी सगळे मायेने वागतात. ती माया त्या दोन पोरांनाही मिळायला हवी होती. १९८६ चा चित्रपट पाहताना हा विचार माझ्या मनातून क्षणभरही जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. पॅटन शेवटच्या महिन्यांत कामाविना का पडला होता? १९४५ च्या उन्हाळ्यात त्याच्याकडे जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताचा लष्करी कारभार होता. प्रशासन चालवायला अनुभवी माणसं लागतात असं म्हणत त्याने जुन्या नाझींना जागेवर राहू दिलं. २२ सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेत तर नाझी पक्षाची भानगड आपल्याकडच्या डेमोक्रॅट-रिपब्लिकनांच्या भांडणासारखीच आहे, अशा अर्थाचं तो बोलला. आयझेनहॉवरने त्याला थर्ड आर्मीवरून काढलं आणि बाड नाउहाइमला फिफ्टीन्थ आर्मी दिली, जिचं काम युद्धाचा इतिहास लिहिणं हे होतं. चित्रपट या बदलीकडे एका वाघाला पिंजऱ्यात घातल्यासारखं पाहतो, आणि तिथे माझा त्याच्याशी मतभेद आहे. त्याच महिन्यात पॅटनने आपल्या डायरीत, छळछावण्यांतून जिवंत सुटलेल्या ज्यूंना जनावरांहून खालचं म्हटलं होतं. एप्रिलमध्ये ओरड्रुफची छावणी पाहून ज्याला उलटी झाली, तोच हा माणूस. अशा माणसाच्या हाती वाचलेल्यांचा कारभार ठेवायचा नाही, हा निर्णय योग्य होता. आयझेनहॉवरचा तो मित्र होता, तरीही तो निर्णय झाला.

मग पॅटन मोठा नव्हता का? होता. डिसेंबर १९४४ मध्ये आर्देन्सच्या बर्फात त्याने चालू लढाईतून आपल्या फौजेचं तोंड काटकोनात उत्तरेकडे वळवलं आणि २६ डिसेंबरला बेल्जियममधल्या बास्तोन गावात अडकलेल्या अमेरिकी सैनिकांभोवतीचा जर्मन वेढा फोडला. हुकूम मिळण्याआधीच त्याच्या अधिकाऱ्यांनी योजना तयार करून ठेवल्या होत्या. पुरवठा, रस्ते, इंधन, सगळं. पिस्तुलं आणि शिवीगाळ यांच्या गोष्टी सांगणारे ही कागदावरची मेहनत विसरतात. १९८६ च्या चित्रपटात हा भाग येऊ शकत नाही हे मी समजू शकतो. पण तो माहीत नसेल तर खाटेवरच्या माणसाने काय गमावलं ते कळत नाही.

कटाच्या गोष्टींबद्दल मला नेहमी विचारलं जातं. पॅटनला मारलं, असा दावा अमेरिकी गुप्तहेर खात्यात काम केलेल्या डग्लस बझाटाने पुढे केला, त्यावर पुस्तकंही आली. शवविच्छेदन झालं नाही, बिॲट्रिसने नकार दिला, यामुळे संशयाला जागा राहिली. तरी मला या दाव्यात दम वाटत नाही. ज्याला मारायचं आहे त्याला हळू वेगाच्या टकरीत, बाकी दोघे सुखरूप राहतील अशा बेताने कोण मारेल? लोकांना खरी अडचण वेगळी असते. एवढा माणूस एवढ्या क्षुल्लक कारणाने जावा हे मन मानत नाही. रावेरखेडीला १७४० च्या एप्रिलमध्ये पहिले बाजीराव तापाने गेले, चाळिशीही गाठली नव्हती. आपल्या कथाकारांनी त्या तापात विरह भरला आणि नर्मदेकाठचा उन्हाळा, छावणी, थकलेलं शरीर हे सगळं गोष्टीतून निघून गेलं. डेल्बर्ट मानच्या चित्रपटाला माझी दाद आहे ती इथे: त्याने इस्पितळाची खोली, डॉक्टरांची कुजबूज, लांबलेले दिवस हेच चित्रपटाचं द्रव्य मानलं. चित्रपट संथ आहे असा आक्षेप घेतात. अशा खोलीत कुणासाठी बसलेल्या माणसाला तो संथ वाटणार नाही.

पाहायचे असतील तर दोन्ही चित्रपट पाहा, आणि क्रमाने पाहा. आधी १९७० चा, मग काही दिवस जाऊ देऊन १९८६ चा. पहिल्यात सिसिलीच्या इस्पितळातला प्रसंग येईल तेव्हा पॅटनकडे बघू नका, खाटेवर बसलेल्या त्या सैनिकाकडे बघा. त्याचा चेहरा लक्षात ठेवून दुसरा चित्रपट लावा.