शारदासदनाचा हिशेब

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की दोन गोष्टींवर बोलणं संपतं: १८७८ साली कलकत्त्यात मिळालेली ‘सरस्वती’ पदवी आणि १८८३ मधलं ख्रिस्ती धर्मांतर. आज ते दोन्ही थोडं बाजूला ठेवू आणि त्यांनी विधवा मुलींना राहायला-शिकायला काढलेलं शारदासदन चालत कसं होतं ते पाहू. बाई विदुषी होत्याच, पण संस्था चालवण्याची त्यांची समज आपल्याकडे फारशी कुणी मोजलेली नाही.

शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १८८२ च्या सरकारी हंटर कमिशनपुढे त्या मराठीतून बोलल्या. मुलींच्या शाळा तपासायला स्त्री-निरीक्षक हव्यात, स्त्रियांना वैद्यकीचं शिक्षण मिळायला हवं, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तेव्हा त्या जेमतेम चोवीस वर्षांच्या होत्या, आणि त्याच वर्षी त्यांना वैधव्य आलं होतं. पुढे इंग्लंड, तिथून १८८६ मध्ये आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फिया. अमेरिकेत त्या बालोद्यानाची पद्धत शिकल्या आणि गावोगाव व्याख्यानं दिली. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिनं दहा वर्षं पैसा पुरवण्याचं कबूल केलं. हा दहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या, म्हणजे आपल्या बाया कर्वे. मुंबईचा खर्च झेपेना म्हणून १८९० मध्ये सदन पुण्यात आलं.

इथला मुख्य प्रश्न स्वयंपाकघराचा होता. ब्राह्मण घरातली विधवा मुलगी घराबाहेर राहायला पाठवायची, तर तिचं सोवळं मोडणार नाही याची खात्री घरच्यांना हवी. म्हणून मुलींना आपापले आचार पाळायची पूर्ण मोकळीक होती, आणि धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. तसा तो शिकवलाही जात नव्हता. पण बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, आणि मुली येऊन बसू लागल्या. शिकवायचं नाही म्हणजे दारही लावून घ्यायचं का, हे कराराच्या वेळी कुणी विचारलंच नव्हतं. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

या वादाला आपण धर्माचा वाद म्हणतो. माझ्या मते निम्मा दोष रचनेचा होता. पैसा बॉस्टनचा, कारभार बाईंचा, आणि पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींच्या वाट्याला फक्त जबाबदारी. सल्ला द्यायचा, पण तो मानलाच जाईल असं नाही. लोकांच्या शिव्या मात्र खायच्या. अशा मंडळातून माणूस एक ना एक दिवस उठणारच. (रानडे इतके दिवस टिकले, हेच मला विशेष वाटतं.)

आता तो दहाचा आकडा. मुदत संपली की मदत थांबेल, हे धरून बाईंनी पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला जमीन घेतली. विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, असा हिशेब होता. झाडं फळाला यायला वर्षं लागतात, म्हणून मुदत संपण्याची वाट न पाहता आधीच लावली.

प्रत्यक्षात ती जमीन वेगळ्याच कामी आली. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढी माणसं शहरात ठेवता येईनात. मग त्यांना केडगावला हलवलं, आणि तिथे मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर संख्या दोन हजारांच्या घरात गेली. फळबागेवर एवढ्यांचं पोट भरणं अशक्यच. देणग्या लागतच राहिल्या. पण हाताला काम मिळालं: शेती, विणकाम, शिवण. अंध मुलींसाठी ब्रेल आलं. छापखानाही मुलींच्याच हाती, खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. ५ एप्रिल १९२२ ला बाई गेल्या. सबंध ग्रंथ बांधून बाहेर पडला तो १९२४ मध्ये.