बाटलीवरचा पत्ता: क्राफ्ट ब्रुअऱ्यांचे विलीनीकरण आणि पिणाऱ्यांचा राग

(जळगाव येथे वाणिज्य आणि अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

मे २०१९ मध्ये अमेरिकेतील दोन नामांकित क्राफ्ट ब्रुअऱ्यांनी, म्हणजे स्वतःच्या पद्धतीने बिअर बनवणाऱ्या तुलनेने लहान, स्वतंत्र कारखान्यांनी, विलीन होत असल्याचे जाहीर केले. पहिली, १९८४ मध्ये स्थापन झालेली आणि ‘सॅम्युएल अ‍ॅडम्स’ या बिअरमुळे देशभर पोचलेली बॉस्टन बिअर कंपनी. दुसरी, सॅम कॅलॅजिओनी यांनी १९९५ मध्ये डेलावेअर राज्यातील रिहोबथ बीच या किनाऱ्यावरच्या गावात सुरू केलेली डॉगफिश हेड. रोख रक्कम आणि शेअर मिळून हा व्यवहार सुमारे ३० कोटी डॉलरचा होता. बातमी फुटताच पिणाऱ्यांमध्ये दोन तट पडले. एखाद्या बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपनीच्या घशात जाण्यापेक्षा दोन समव्यवसायी एकत्र आले हे बरेच झाले, असे काहींना वाटले. तर आपली म्हणून जी ब्रुअरी होती ती आता शेअर बाजाराच्या तालावर चालणार, याचे काहींना मनापासून वाईट वाटले. अशा प्रतिक्रियांकडे भाबडेपणा म्हणून पाहण्याची आपल्या व्यवस्थापनशास्त्राला सवय आहे. मला ती सवय चुकीची वाटते. पिणाऱ्यांच्या या रागात एक रास्त मागणी दडलेली असते: आपण पितो ती बिअर कोठे बनते आणि तिच्याविषयी निर्णय कोण घेते, हे आपल्याला सरळ सांगितले जावे.

ही मागणी समजण्यासाठी क्राफ्ट ब्रुअरी नेमके काय विकते ते पाहिले पाहिजे. डॉगफिश हेडची ‘नाइन्टी मिनिट आयपीए’ ही बिअर घ्या. एरवी माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, काढा उकळत असताना हॉप्स ही कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले दोन-तीन ठरावीक वेळी घातली जातात; कॅलॅजिओनी यांनी हॉप्स नव्वदही मिनिटे अखंड, थोडेथोडे घालायचे ठरवले. त्यासाठी यंत्र नव्हते, तेव्हा त्यांनी फुटबॉलचा एक जुना विजेवरचा खेळ वापरला, ज्याचा पत्रा थरथरला की त्यावरचे खेळाडू पुढे सरकतात. तो पत्रा उकळत्या काढ्यावर तिरका धरला आणि त्याच्या थरथरीने हॉप्सच्या गोळ्या एकेक करून खाली पडू लागल्या. ही हकीकत तिथल्या पिणाऱ्याला तोंडपाठ असते. तो जास्त पैसे मोजतो ते कडवटपणासाठी आणि सुगंधासाठी, तसेच एका विशिष्ट माणसाने विशिष्ट ठिकाणी केलेल्या खटाटोपासाठीही. मालकी बदलली की या दुसऱ्या गोष्टीचे काय होणार, असा प्रश्न त्याच्या मनात येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे.

आता आपल्याकडे पाहा. हेवर्ड्स ५००० हे नाव खानदेशातील कोणत्याही परमिट रूमला परके नाही. हा ब्रँड मूळचा शॉ वॉलेस या भारतातील मद्यकंपनीचा. पुढे तो सॅबमिलर या बहुराष्ट्रीय बिअर कंपनीकडे गेला आणि २०१६ मध्ये सॅबमिलरच जागतिक पातळीवर एबी इनबेव्ह या तिच्याहून मोठ्या कंपनीत विलीन झाली, तेव्हा तिसऱ्या मालकाकडे आला. धुळ्याच्या किंवा भुसावळच्या ग्राहकाने त्यावर काही प्रतिक्रिया दिल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. थंड आहे का, स्ट्राँग आहे का आणि भाव वाढला का, एवढेच विचारले गेले. याचा अर्थ आपला ग्राहक कमी जागरूक आहे असा मी काढत नाही. त्या बाटलीने त्याला कोणत्याही गावाचे, माणसाचे किंवा पद्धतीचे वचन दिलेले नव्हते; वचनच नसल्यामुळे ते मोडल्याचे दुःखही नव्हते. भावाचा प्रश्न मात्र त्याने बरोबर ओळखला होता. सप्टेंबर २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने बिअर कंपन्यांनी संगनमताने दर ठरवल्याच्या प्रकरणात युनायटेड ब्रुअरीजला सुमारे ७५२ कोटी रुपयांचा आणि कार्ल्सबर्ग इंडियाला सुमारे १२१ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. एबी इनबेव्हने स्वतःहून माहिती दिल्यामुळे तिला दंडातून सूट मिळाली. बाजारात मोजकेच खेळाडू उरले की एकमेकांशी बोलून भाव ठरवणे सोपे जाते. म्हणून विलीनीकरणाचा विषय, क्राफ्ट बिअरचा घोटही न घेतलेल्या माणसाच्या खिशापर्यंत येऊन पोचतो.

आता चवीचा प्रश्न. शिकागोची गूस आयलंड ही १९८८ मध्ये सुरू झालेली ब्रुअरी २०११ मध्ये एबी इनबेव्हने ३ कोटी ८८ लाख डॉलरला विकत घेतली. तिची एक गव्हाची बिअर ‘३१२’ या नावाची. ३१२ हा शिकागोचा दूरध्वनी क्रमांकाचा प्रदेश-संकेत. खरेदीनंतर ही बिअर न्यूयॉर्क राज्यातील बाल्डविन्सव्हिल येथील मोठ्या कारखान्यात बनू लागली, म्हणजे नाव शिकागोचे राहिले आणि बनवण्याची जागा कित्येकशे मैल दूर गेली. चव बदलली, अशी तक्रार अनेकांनी केली. अन्नतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अशी तक्रार सरसकट उडवून लावू नये आणि सरसकट मान्यही करू नये. पाण्यातील कॅल्शियम आणि सल्फेटच्या प्रमाणावर हॉप्सचा कडवटपणा किती धारदार लागतो हे अवलंबून असते. मोठ्या कारखान्यातील उंच टाक्यांत तळाशी दाब वाढतो आणि दाबाखाली यीस्ट फळांसारखा वास देणारी एस्टर द्रव्ये कमी तयार करते. याउलट, मोठ्या कंपनीचे तंत्रज्ञ पाणी जुळवून घेऊ शकतात, प्रयोगशाळेत प्रत्येक घाणा तपासू शकतात आणि लहान ब्रुअरीला न जमणारा सारखेपणा आणू शकतात. बामणोदच्या वांग्याचे, कापसाच्या काड्यांवर भाजलेले भरीत आणि त्याच वांग्याचे गॅसवर भाजलेले भरीत यांतला फरक जळगावकराला सांगावा लागत नाही. पण डोळ्यांवर पट्टी बांधून दहा जणांना विचारले तर दहाही उत्तरे बरोबर येतीलच असे नाही. म्हणून केवळ चवीच्या आधारावर उभी राहिलेली तक्रार नेहमी टिकत नाही. जागेविषयीची तक्रार मात्र टिकते, कारण ती जिभेवर अवलंबून नसते.

याचा सर्वांत चांगला पुरावा कोना ब्रुइंगच्या प्रकरणात मिळतो आणि इथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. २००८ मध्ये पोर्टलंडची विडमर ब्रदर्स आणि सिएटलची रेडहुक या दोन जुन्या क्राफ्ट ब्रुअऱ्या एकत्र आल्या आणि त्यातून क्राफ्ट ब्रुअर्स अलायन्स ही कंपनी तयार झाली. दोन वर्षांनी तिने हवाई बेटांवरील, १९९४ मध्ये सुरू झालेली कोना ब्रुइंग घेतली. कोनाच्या खोक्यांवर समुद्राच्या लाटा, लाटांवर स्वार झालेली माणसे आणि हवाईचा नकाशा अशी चित्रे असत. नकाशात ब्रुअरीची जागा दाखवून भेटीचे आमंत्रणही दिलेले असे. मात्र अमेरिकेच्या मुख्य भूमीवर विकल्या जाणाऱ्या बाटल्या मुख्य भूमीवरच्याच कारखान्यांत बनत होत्या. २०१७ मध्ये काही ग्राहकांनी दावा दाखल केला. बिअर वाईट आहे असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती हवाईत बनते असे समजून आम्ही जास्त पैसे दिले, असे होते. २०१९ मध्ये तडजोड झाली, कंपनीने भरपाईची रक्कम मान्य केली आणि वेष्टनावर ब्रुअऱ्यांची ठिकाणे लिहिण्याचेही कबूल केले. पुढे २०२० मध्ये अनहॉयझर-बुश या एबी इनबेव्हच्या अमेरिकेतील कंपनीने संपूर्ण अलायन्स ताब्यात घेतली, तेव्हा स्पर्धा टिकावी म्हणून अमेरिकी न्याय विभागाने कोनाचा हवाईतील व्यवसाय वेगळ्या मालकाला विकायला लावला. परिणामी एकाच नावाच्या बिअरला हवाईत एक मालक आणि बाकी देशात दुसरा, अशी स्थिती आली. हे सारे सामान्य ग्राहकाने कसे ओळखावे? त्याच्या हातात फक्त बाटली असते, आणि म्हणून बाटलीवर जे लिहिले आहे ते खरे आणि पुरेसे असले पाहिजे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण विलीन होणाऱ्या मालकांना मी लबाड मानत नाही. अमेरिकेत ब्रुअरी, वितरक आणि दुकानदार अशी त्रिस्तरीय व्यवस्था आहे. बहुतेक ठिकाणी वितरकाशिवाय माल दुकानात पोचत नाही आणि वितरकाला शेकडो लहान ब्रुअऱ्यांपेक्षा चार मोठी नावे सांभाळणे सोयीचे वाटते. संस्थापक म्हातारे होतात, टाक्यांसाठी काढलेली कर्जे फेडायची असतात, फडताळावरची जागा आक्रसत जाते. ब्रुअर्स असोसिएशन या तिथल्या संघटनेच्या व्याख्येनुसार वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन असलेली, आणि स्वतः क्राफ्ट नसलेल्या मद्यकंपनीचा २५ टक्क्यांहून कमी वाटा असलेली ब्रुअरी ‘क्राफ्ट’ ठरते. ही मर्यादा पूर्वी २० लाख बॅरल होती. बॉस्टन बिअर वाढत गेली तशी मर्यादाही वाढवण्यात आली. या व्याख्येप्रमाणे डॉगफिश हेडचे विलीनीकरण दोन क्राफ्ट ब्रुअऱ्यांमधलेच राहिले. संख्येची रेषा अशी सरकवता येते, म्हणून पिणाऱ्याने तिच्यावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे.

राग व्यक्त करून काय साधते, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. इंग्लंडमध्ये साधले. तिथे १९६० च्या दशकातील विलीनीकरणांच्या लाटेनंतर सहा बड्या समूहांकडे बहुतेक बाजार गेला आणि पिंपात यीस्ट जिवंत राहणाऱ्या ‘एल’ या पारंपरिक बिअरऐवजी गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, वायू भरलेली केग बिअर गावोगावी दिसू लागली. १९७१ मध्ये चार मित्रांनी कॅम्पेन फॉर रिअल एल ही चळवळ सुरू केली. पिंपातली एल कोठे मिळते याच्या याद्या छापणे, पबमालकाकडे ती आग्रहाने मागणे, ब्रुअरी बंद होत असेल तर तिथे जाऊन निषेध नोंदवणे अशी त्यांची साधी कामे होती. १९८९ मध्ये सरकारने काढलेल्या आदेशांमुळे बड्या ब्रुअऱ्यांच्या बांधील, म्हणजे एरवी त्यांचीच बिअर विकावी लागणाऱ्या, पबनाही बाहेरची एक पिंपातली बिअर ठेवण्याची मुभा मिळाली. त्या आदेशांचे इतर परिणाम वादग्रस्त ठरले, पण संघटित ग्राहकाचे म्हणणे कायद्यापर्यंत जाऊ शकते हे त्यातून दिसले.

ग्राहकाला मत नसते, हा या विषयातला खरा सल आहे. आपल्या अमळनेरचे उदाहरण मोठे बोलके आहे. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रोची सुरुवात झाली. पुढे कंपनीचे स्वरूप बदलले, मुख्यालय बंगळुरूला गेले, पण गावातील अनेक घरांनी तिचे शेअर जपून ठेवले होते, म्हणून कंपनी दूर गेली तरी तिच्या भरभराटीत त्यांचा वाटा राहिला. कोलोरॅडोतील न्यू बेल्जियम ही ब्रुअरी कर्मचाऱ्यांच्या मालकीची होती. २०१९ मध्ये ती जपानच्या किरिन समूहाकडे जाताना कर्मचाऱ्यांनी मतदान केले आणि त्यांना मोबदला मिळाला. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे ती बिअर विकत घेतली आणि मित्रांना पाजून तिचे नाव वाढवले, त्यांना ना मत होते ना मोबदला. मोठ्याने नाराजी सांगणे आणि दुसरी बाटली उचलणे एवढेच त्यांच्या हाती होते.

शेवटी इथल्याच एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. २००९ पासून पुण्यात लहान ब्रुअऱ्या सुरू झाल्या आणि त्यांतल्या काहींनी ज्वारी-बाजरी वापरून बिअर केली आहे. उद्या त्यांतल्या दोन एकत्र आल्या तर आपण काय विचारावे, असे तिने विचारले. मी विचारेन की दोन्ही ठिकाणच्या टाक्या चालू राहणार की एक जागा बंद होणार. पाककृती बदलण्याचा अधिकार ज्या ब्रुअरने ती तयार केली त्याच्याकडे राहणार की हिशेब पाहणाऱ्याकडे जाणार. ज्वारी शेतकऱ्याकडून घेणे चालू राहणार की स्वस्त तांदळाच्या कणीवर काम भागवले जाणार. आपल्याकडच्या बाटलीवर उत्पादकाचे नाव आणि पत्ता बारीक अक्षरांत का होईना छापलेला असतो, आणि अनेकदा तो छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीचा निघतो. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तिथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती, तेव्हा त्या पत्त्याला किती अर्थ असतो हे दिसले होते. त्याच्या शेजारी अंतिम मालकाचे नाव तेवढ्याच ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक करावे, अशी मागणी ग्राहक पंचायतीच्या माध्यमातून करता येईल. विद्यार्थ्यांपैकी कोणाला तिचा मसुदा तयार करायचा असेल, तर त्यांनी व्याख्यानानंतर मला भेटावे.