जवारी पकडणारा माईक

नमस्कार मंडळी. आधी दोन आवाज ऐका, मग बोलू. हेडफोन असतील तर लावाच.

(तंबोरा, पहिला तुकडा. थोडं थांबून दुसरा तुकडा.)

तंबोरा एकच आहे, मिरजेत बनलेला. तारा त्याच, छेडणारी बोटं तीच, पट्टी काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी. तरी दुसऱ्या तुकड्यात सुराच्या वर जी चमक तरंगतीय, ती पहिल्यात जवळजवळ नाहीच. पहिला तुकडा स्टेजवरच्या साध्या डायनॅमिक माईकवर घेतला, दुसरा ह्या कंडेन्सर माईकवर.

ती चमक म्हणजे जवारी. हे बघा, जवळून दाखवतो. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, प्रत्येक तारेखाली हा सुताचा दोरा आहे. मी तो केसभर मागं सरकवतो... आवाज बसला. आता परत पुढं... आला बघा, उघडला! जोडाची, म्हणजे मधल्या दोन तारांपैकी, तार काळी एकला सेकंदाला साधारण 139 वेळा थरथरते आणि खरज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, त्याच्या निम्मी, म्हणजे 69. पण दोरा नेमक्या जागी बसला की तार घोडीला हलकी घासत राहते आणि मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे स्वर एकावर एक उभे राहतात, पार काही हजार हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला तितक्या थरथरींपर्यंत. आपल्या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, गाण्याची संस्था देवल क्लब 1883 पासून आहे. तंबोरा उघडा लागलाय की बंद, हे ह्या गावातल्या जाणत्या कानाला लगेच कळतं. मग रेकॉर्डिंगमध्ये तो बंद का ऐकवायचा?

डायनॅमिक माईकच्या पडद्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. आवाजाला ते ओझं हलवावं लागतं, आणि बारीक, जलद थरथर तिथंच दमते. स्टेजवर सगळीकडं दिसणारा शुअरचा एसएम 58 घ्या, त्याची मर्यादा 50 हर्ट्झ ते 15 किलोहर्ट्झ. स्टेजवर गायला उत्तम माईक, त्याला नावं ठेवायची नाहीत. कंडेन्सरमध्ये मात्र पडद्यावर ओझंच नाही. काही मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची फिल्म, तिच्यावर सोन्याचा पातळ थर, आणि मागं अगदी जवळ धातूची चकती. आपल्या डोक्याचा केस ह्या फिल्मच्या दहापट तरी जाड भरेल. फिल्म हलली की मधलं अंतर बदलतं, त्याबरोबर विजेचा दाब बदलतो, तोच आपला सिग्नल. ही कल्पना 1916 सालची, वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्या ई. सी. वेंट यांची. ह्याला वीज लागते, म्हणून इंटरफेसवरचं, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावरचं, 48 व्होल्टचं बटण दाबायचं. दाबण्याआधी स्पीकरचा आवाज खाली घ्या, नाहीतर जोरात धप्प होतं.

आता माईकच्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघू. ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतं. त्याच्यापुढं ‘अधिक-उणे इतके डेसिबल’ असं नसेल तर तो आकडा मी धरत नाही. कुठल्या हर्ट्झला माईक किती आवाज पकडतो, त्याचा आलेख मागा. बऱ्याच स्वस्त माईकमध्ये 10 किलोहर्ट्झच्या आसपास मुद्दाम उंचवटा दिलेला असतो. दुकानात तो ‘क्लिअर’ वाटतो, पण घरी आल्यावर प्रत्येक ‘स’ कानात टोचतो.

पडद्याच्या आकाराकडं तर लक्ष द्याच. 10 किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर फक्त साडेतीन सेंटीमीटरची असते आणि मोठा पडदा अडीच सेंटीमीटरचा. लहर पडद्याच्या मापाला आली की बाजूनं येणारा बारीक आवाज विस्कटतो. म्हणून तंबोरा, घुंगरू, टाळ यांना मी लहान पडद्याचा, पेन्सिलसारखा माईक लावतो. त्याची स्वतःची सूं सूं थोडी जास्त असते. एकट्या गळ्याला आणि हळू बोलण्याला मोठा पडदाच बरा.

काही माईक 50 किलोहर्ट्झपर्यंत जातात. एवढं ऐकणार कोण? माणूस नाहीच. गाण्यासाठी त्या आकड्याचे जादा पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ध्वनी-परिणाम करणाऱ्यांना तो खरंच उपयोगी पडतो. ही आपली कोल्हापुरी पायताणाची करकर, 96 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने घेत, रेकॉर्ड केलेली. आता निम्म्या वेगानं वाजवतो. 30 किलोहर्ट्झवर जे होतं ते 15 वर उतरलं. (करकर, संथ.) जुना सागवानी दरवाजा उघडल्यासारखं वाटतंय का नाही? साध्या माईकचा आवाज असा संथ केला की वरचा भाग रिकामा पडतो, सगळं घोंगडी पांघरल्यासारखं होतं.

आणि खोली! कंडेन्सर सगळं ऐकतो. शेजारचा कुकर, गल्लीतली रिक्षा, पत्र्यावरची कबुतरं, सगळं. महागड्या फोमच्या आधी घरातल्या दोन जाड वाकळा काढा आणि गाणाऱ्याच्या पाठीमागं, भिंतीपासून वीतभर सोडून टांगा. भिंतीला चिकटवल्या तर उपयोग निम्मा. घुमणारा खालचा आवाज त्यांनी जात नाही, त्यासाठी माईक कोपऱ्यापासून लांब ठेवा.

शेवटचं, आपल्या पावसाचं. दोन वर्षांमागं आषाढात एका ताईंचं भजन घेत होतो. चार दिवस झड लागलेली, खिडक्या ओल्या. दुसऱ्या अंतऱ्याला माईकमधून चरचर सुरू झाली, तेल तापल्यासारखी. ताईंचा सूर इतका लागला होता, आणि तो टेक गेला. त्याची हळहळ मला अजून आहे. झालं असं, की पडद्यावरचा विजेचा साठा अगदी नाजूक असतो आणि दमट हवेत तो ओलाव्यातून झिरपतो. तेव्हापासून जून ते सप्टेंबर माईक स्टँडवर ठेवत नाही. झाकणाच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्यांचे दाणे रंग बदलले की पुड्या नव्या टाकतो. रेकॉर्डिंगच्या अर्धा तास आधी माईक बाहेर काढून 48 व्होल्ट चालू करून ठेवतो, आणि तेवढ्या वेळात तंबोरा लावून होतो.