समाजमंदिरासमोर मुलांचे खेळ सुरू करताय? आधी ‘आउट’ बंद करा

नमस्कार मंडळी! समाजमंदिरासमोरच्या पटांगणात मुलं फ्रिस्बी, म्हणजे हवेत फेकायची प्लास्टिकची चकती, खेळतायत, असा छोटा व्हिडिओ टाकला होता. तेव्हापासून खाली एकच विचारणा चाललीय: ‘ताई, आमच्याही गावात सुरू करायचंय, सामान काय काय घेऊ?’ एका दादांनी तर यादीच पाठवलीय. बास्केटबॉलचे खांब, खो-खोची मॅट, ट्रॅम्पोलिन, घसरगुंडी. दादा, तुमची तळमळ पोचली. पण सामानाचं शेवटी बघू, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते वेगळंच, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

साध्या गोष्टी भरभर उरकते. जागा: समाजमंदिरापुढचं पटांगण, देवळामागची मोकळी जागा, शाळेचं मैदान, जे असेल ते. वेळ: उन्हाळ्यात साडेपाचच्या आत नाही. पाणी: माठ आणि लांब दांड्याचं ओगराळं. प्रथमोपचाराची पेटी, एका वहीत प्रत्येक मुलाच्या घरचा फोन नंबर, आणि शिट्टी. रेषा आखायला फक्की.

आणि हो, पटांगण रोज नजरेखालून घाला. समाजमंदिरापुढे लग्नं होतात. मंडप उतरवताना खुंट्या उपटतात, पण एखादी तुटून जमिनीतच राहते. टोक बोटभर वर, धुळीत दिसत नाही, आणि अनवाणी धावणाऱ्या पोराच्या तळव्याला नेमकी तीच सापडते. म्हणून लग्न झालं की दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या मुलांना एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभं करतो आणि सगळे मिळून पटांगण पायाखालून काढतो. खिळे, बाटलीच्या काचा, तारेचे तुकडे, सगळं एका डब्यात. झालं.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे तीस मुलं आलीयत आणि एक चेंडू आहे. पुढे काय होतं, सांगा? क्रिकेट सुरू होतं. दोघं बॅटिंगला, एक बॉलर, एक कीपर. बाकीचे उभे. बॅटिंग करणाऱ्या संघातली पोरं ओट्यावर बसलेली. तास संपतो तेव्हा पाच-सहा जण घामाघूम असतात आणि उरलेल्यांनी फक्त उभं राहायचं काम केलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वर्षांच्या मुलांच्या अंगाला रोज सरासरी 60 मिनिटं तरी चांगली हालचाल हवी, दम लागेल अशी. डीप फाइन लेगला उभ्या असलेल्या पोराची ती किती मिनिटं भरली? मला क्रिकेट आवडतं, सामना असला की मीही हातचं काम सोडून बसते. पण मुलांचा सांजखेळ घेताना ते माझ्या यादीत शेवटी आहे.

म्हणून माझा पहिला नियम, आणि हा लिहून घ्या: आउट झालेलं मूल बाहेर बसणार नाही. खेळ कुठलाही असू दे. नवा, जुना, देशी, परदेशी.

दुसऱ्या बाजूनं बघा. संगीत खुर्ची घ्या, किंवा डॉजबॉल घ्या. सगळ्यात आधी आउट कोण होतं? जे मूल हळू धावतं ते. जे लाजरं आहे ते. ज्याला चेंडूची भीती वाटते ते. म्हणजे ज्याला खेळाची सगळ्यात जास्त गरज, त्याला आपण पहिल्या मिनिटाला घरी पाठवतो, आणि जो आधीच चपळ आहे तो शेवटपर्यंत खेळून आणखी चपळ होतो. हे रोज, महिनोन्‌महिने चाललं की मग आपण म्हणतो, ‘त्याला खेळाची आवडच नाही’. आवड यायला त्याला खेळायला कुठे मिळालं?

आपल्या जुन्या खेळांत याचं उत्तर होतं, बघा. विषामृत आठवतंय ना? राज्यानं हात लावून ‘विष’ म्हटलं की जागच्या जागी थिजायचं. दुसऱ्या गड्यानं येऊन ‘अमृत’ म्हणून हात लावला की पुन्हा पळायचं. कुणीही बाहेर नाही! उलट थिजलेल्याला सोडवायला इतरांना दुप्पट पळावं लागतं. साखळीही तशीच. पकडला गेलेला साखळीला जोडला जातो, म्हणजे पकडला गेल्यावर त्याचं काम वाढतं. आम्ही रोजची सुरुवात या दोन खेळांनी करतो. दहा मिनिटांत सगळ्यांचे गाल लाल, आणि नवीन आलेलं पोर कधी मिसळलं ते त्यालाही कळत नाही.

इथे एका सरांनी छान शंका काढली होती. म्हणाले, ‘ताई, खो-खोत तर आठ जण बसलेलेच असतात, मग तो तुमच्या नियमात बसतो का?’ सर, बसतो. पाटीवर उकिडवा बसलेला गडी विश्रांती घेत नसतो. टाच उचललेली, बोटं जमिनीला टेकलेली, कान मागे. कुठल्या क्षणी पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू येईल याचा नेम नाही. प्रश्न पळणाऱ्यांचा आहे. ते तिघातिघांच्या तुकडीनं आत येतात आणि बाद झालेला बाहेर जातो. आम्ही लहान मुलांसाठी एवढंच बदललं: बाद झालास की पटांगणाला एक चक्कर मार आणि पुढच्या तुकडीच्या मागे उभा राहा. तुकड्या फिरत राहतात. स्पर्धेची तयारी करणाऱ्या मोठ्या मुलांसाठी नियम पूर्ण, लहानांसाठी चक्कर.

खो-खोचा विषय निघालाच आहे तर मॅटचंही सांगते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. मुलींचा संघ प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, मुलांचा प्रतीक वाईकरच्या, दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. अंतिम सामने दोन्हीकडे नेपाळशी. आमच्या पोरींनी मुलींचा सामना फोनवर डोकं डोक्याला लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी पटांगणात मुली नेहमीपेक्षा जास्त! ते सामने मॅटवर झाले, म्हणून आता सगळ्यांना मॅट हवी आहे. मुलांनो, ताई-दादांनो, खो-खो मातीत वाढला. मुरमावर चाळलेली माती पसरा, संध्याकाळी पाणी मारा, रोलर फिरवा. मॅटचे पैसे आले तर घ्या, पण ती यायची वाट बघत खेळ थांबवू नका.

आणि कृपा करून, हात जोडून सांगते, पटांगणात पेव्हर ब्लॉक बसवू नका. मी एका गावात गेले होते, समाजमंदिरापुढे टुमदार लाल-करडे ब्लॉक, कडेला कट्टा, फोटोला सुंदर. पण त्यावर पोरगं पडलं की गुडघा सोलून निघतो. खो-खोत सूर मारायचा म्हणजे विचारच नको. दुपारचे ते ब्लॉक इतके तापतात की संध्याकाळीही अनवाणी पाय ठेववत नाही. रस्त्याला घाला, पाणंदीला घाला, पण मुलांची माती मुलांना राहू द्या. गावाचा विकास आराखडा ठरतो तेव्हा ग्रामसभेत उठून हे बोला. आयांनी बोला, जास्त ऐकलं जातं.

बरं, फ्रिस्बी. ‘आपल्याकडे एवढे खेळ असताना हे परदेशी फॅड कशाला?’ अशी एक कमेंट होती, आणि तिला बरेच अंगठे मिळालेत. मी मनापासून उत्तर देते. आमच्याकडे क्रिकेटमध्ये मुलगे चौथी-पाचवीपासून मुरलेले असतात. त्यांच्यात एखादी मुलगी आली तर तिला थेट बॉलच मिळत नाही. कबड्डीत वजनदार पोरगा भारी पडतो. पण फ्रिस्बी हातात घेतली त्या दिवशी गावातलं प्रत्येक मूल सारखंच कच्चं होतं! सगळ्यांची चकती वाकडी जात होती. पहिल्यांदा सरळ कुणाची गेली? एका सहावीतल्या पोरीची, जी तोवर कडेला उभी राहून बघायची. सगळ्या मुलग्यांनी तिच्याभोवती गर्दी केली, ‘हात कसा फिरवलास, परत दाखव’. नव्या खेळाची ही ताकद आहे. जुनी उतरंड तिथे चालत नाही.

दोन संघांत चकतीचा जो खेळ आम्ही खेळतो, त्याला ‘अल्टिमेट’ म्हणतात. तो 1968 च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका शाळेतल्या मुलांनी सुरू केला. मोठ्यांच्या सामन्यात सात-सात जण असतात आणि मैदान 100 मीटर लांब, 37 मीटर रुंद. एवढं पटांगण कुणाकडे आहे? आम्ही पाच-पाच जण घेतो आणि जागा असेल तेवढी आखतो. चकती हातात असताना धावायचं नाही, एक पाय रोवून फक्त वळायचं. समोरचा गडी दहापर्यंत मोजतो, त्याच्या आत फेकायची. खाली पडली की ती दुसऱ्या संघाची. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आखलेल्या पट्ट्यात आपल्या गड्यानं झेलली की गुण. आणि पंच नाही. मोठ्या स्पर्धांतही खेळाडूच आपापसात निवाडा करतात. सुरुवातीला आमच्याकडे भांडणं झाली, जोरदार झाली. मी मध्ये पडले नाही. ‘तुम्ही ठरवा, ठरेपर्यंत खेळ बंद’ एवढंच म्हणायची. खेळ बंद राहणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे आता निवाडा चटकन होतो.

फेक कशी, ते बघा, इथे जवळून दाखवते. अंगठा वर, बाकीची बोटं खालच्या कडेच्या आत घट्ट. खांदा समोर, ज्याच्याकडे फेकायची त्याच्याकडे. हात पोटाजवळून आणायचा आणि शेवटी फक्त मनगट झटकायचं. बाहेरची कड किंचित खाली ठेवा, नाहीतर चकती वर चढून उलटी होते. सगळी पोरं दंडाचा जोर लावतात आणि तिथेच फसतं. चकती हवेत टिकते ती गिरकीमुळे, आणि गिरकी मनगटातून येते. मोठ्यांची चकती 175 ग्रॅमची असते, लहानांना हलकी, मऊ द्या. स्टीलची ताटली मुळीच नको, कड लागते.

आता तोच नियम तिसऱ्या बाजूनं, आणि ही बाजू मला सगळ्यात जास्त टोचते. काही मुलं आउट व्हायला आतच येत नाहीत. पटांगणाच्या कडेला बघा. आठ-दहा वर्षांची मुलगी उभी, कडेवर धाकटा भाऊ. आई रानात गेलेली, पोराला हिच्याकडे सोपवलेलं. ती रोज येते, रोज बघते, रोज तशीच परत जाते. तुम्ही हजेरीची वही काढली तर तिचं नाव त्यात नसतं, म्हणून ती ‘गैरहजर’सुद्धा नसते. तुमच्याकडे विश्वचषकाची मॅट असली तरी तिला काय उपयोग?

आम्ही काय केलं, सांगते. समाजमंदिराच्या ओट्यावर संध्याकाळी आज्या बसतातच. त्यांच्याजवळ एक सतरंजी अंथरली, चार वाट्या, चमचे, एक मऊ चेंडू ठेवला. धाकटी भावंडं तिथे. दोन आज्या आळीपाळीनं बघतात. एक आजी मला म्हणाल्या, ‘मी कुठं पळत्येय आता, पोरीला पळू दे की’. त्याच आठवड्यात खो-खोला दुसरा संघ करावा लागला. खर्च शून्य. ज्यांनी ज्यांनी ‘मुलीच येत नाहीत’ असं लिहिलंय, त्यांनी सामानाची यादी बाजूला ठेवून आधी सतरंजी अंथरावी. आणि दिवेलागणीच्या आत खेळ संपवून मुलींना घोळक्यानं घरी पोचवावं. घरच्यांचा विश्वास बसतो तो याच्यावर.

एक ताई विचारतात, ‘यातून कुणी पुढे जातं का, की नुसता वेळ घालवणं?’ ताई, जातात. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली. प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, टोकियोला तिरंदाजीत देशासाठी उभा राहिला. स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, पॅरिसला 2024 मध्ये नेमबाजीत कांस्यपदक. पण खरं सांगू? तीस मुलांतून एक तिथवर पोचावा म्हणून मी पटांगणात उभी राहत नाही. उरलेल्या एकोणतिसांना आज संध्याकाळी दम लागेपर्यंत पळता यावं, ते रात्री पोटभर जेवावेत आणि गाढ झोपावेत, हे माझ्यासाठी पुरेसं कारण आहे.

हां, सामान! राहिलंच होतं. पाच-सहा मऊ चेंडू, म्हणजे एका चेंडूमागे फार गर्दी होत नाही. तीन-चार फ्रिस्बी. सायकलचे जुने टायर, पंक्चरवाल्याकडे मागितले तर तो देतो. ते झाडाला टांगून नेम धरायला, जमिनीवर टाकून उड्या मारायला. खुणेसाठी माती भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. विटा ठेवू नका, पोरं त्यावर पडतात. लगोरीला लाकडाच्या चकत्या कापून घ्या, सुतार करून देतो. चेंडू झुडपात गेला तर काठीनं आधी झुडूप हलवायचं, हात घालायचा नाही. खो-खोचे खांब जमिनीवर साधारण 120 सेंटिमीटर, वरचं टोक गुळगुळीत करून. एवढ्यावर वर्ष निघतं.

पावसाळ्यात समाजमंदिराच्या आत काय घ्यायचं, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. फरशी ओली झाली की घसरते, त्यामुळे तिथे वेगळे खेळ लागतात. तो व्हिडिओ मे संपायच्या आत टाकते. तोवर तुमच्या पटांगणाची रुंदी-लांबी पावलांनी मोजून आणि साधारण किती मुलं येतात ते खाली लिहा. कुठला खेळ कसा आखायचा ते प्रत्येकाला सांगते.