कमरेइतक्या उंचीची बाग

(दृश्य: सकाळ. वाफा. हाताचा क्लोज-अप.)

हा हात पाहा. पुदिन्याचं पान बोटांत चुरगळलं, नाकाशी नेलं. वाफा जमिनीलगत नाही, कमरेइतका उंच आहे. खालची जागा मोकळी सोडलीय. त्यामुळे व्हीलचेअर थेट आत सरकते आणि बसल्या बसल्या मातीत हात घालता येतो.

हीलिंग पार्क म्हणजे उपचार उद्यान. इथली पायवाट फिरून निघाल्या जागी परत येते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला डावीकडे की उजवीकडे, हा पेचच पडत नाही. थोड्या थोड्या अंतरावर बाक, आणि प्रत्येक बाकाला खुर्चीसारखे हात. हात नसले तर गुडघे दुखणारा माणूस बसेल, पण उठेल कसा? कारंजी आणि पुतळे मांडणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. असो.

(दृश्य: खिडकी. बाहेर हलणाऱ्या फांद्या.)

परिसराचा माणसावर काय परिणाम होतो हे अभ्यासणारे संशोधक रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१च्या नोंदी चाळल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण, वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावलेल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हे १९८४ साली छापून आलं. नुसत्या खिडकीतून बघून एवढा फरक!

सिंगापूरने २०१६मध्ये हॉर्टपार्कमध्ये असं उद्यान उघडलं. सार्वजनिक बागेतलं तिथलं ते पहिलंच.

(दृश्य: पाऊस. फुगत चाललेली नदी.)

सिंगापूरचंच बिशान-आंग मो किओ पार्क. इथे उपचार झाला तो नदीवर. इथे २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा नाला होता. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणं घेणारी नदी केली, काठ दगड-मातीचे ठेवले, मुळांनी ते धरून ठेवले. २०१२पासून मुसळधार पावसात पाणी हिरवळीवर पसरतं, मग ओसरतं. कोरड्या दिवशी त्याच हिरवळीवर मुलं खेळतात. पक्षी आले, किडे आले. पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी भोवतालची उष्णताही शोषून घेतं.

(दृश्य: पुन्हा बाग. बाक.)

पुदिन्याचं पान आता खिशात गेलंय. दोन्ही तळवे बाकाच्या हातांवर, जरासा रेटा… आणि उठले.