माळवदाच्या घराचा लाकडी सांगाडा: वजन कुठे जातं आणि कोनाचा आधार कसा बसवायचा

नमस्कार. मराठवाड्यात तुमच्या गावी माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर अजून उभं असेल आणि त्यात कोणी राहत असेल, तर हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. आज भिंतींबद्दल थोडंच बोलू. खरा विषय आहे आतला लाकडी सांगाडा.

[पडद्यावर: घराचा उभा छेद]

खालून वर जाऊ. जमिनीवर दगडी तळखडा, त्यावर खांब. खांबाच्या डोक्याला कुसू, म्हणजे खुंटीसारखं टोक कोरलेलं असतं, ते तुळईच्या, म्हणजे आडव्या मुख्य लाकडाच्या भोकात बसतं. तुळईवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या किंवा किलच्या, म्हणजे लाकडाच्या चिपा, आणि सगळ्यात वर मातीचा थर. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, साधारण पाच फुटांचा. ऐपतदारांच्या घरात सागवान दिसतं, बाकीकडे बाभूळ आणि कडुलिंब.

भिंत दोन ते चार फूट जाडीची असते, म्हणून छत तीच पेलते असं वाटतं. पण जिथे सांगाडा पूर्ण आहे, तिथे छताचं वजन खांबांतून जमिनीत जातं. भिंत नुसती आडोशाला असते.

आता हे वजन मोजूया, कारण खरी गडबड इथेच आहे. पावसाळ्याआधी गळती थांबवायला माळवदावर नवी माती टाकायची रीत आहे. जुनी कोणी काढत नाही. वर्षानुवर्षं असं करत थर दीड-दोन फुटांवर जातो. एक घनमीटर दाबलेली माती साधारण 1,700 किलो भरते. म्हणजे 60 सेंटिमीटरच्या थराचं वजन दर चौरस मीटरला एक टन. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर बारा टन. पावसात माती भिजली की आणखी जास्त.

एवढं वजन सरळ खाली जातंय तोवर बाभळीचा खांबही ते पेलतो. जमीन आडवी हलली की मात्र गणित बदलतं.

[पडद्यावर: चार पट्ट्यांची चौकट, प्रत्येक कोपऱ्यात एकच खिळा]

ही चौकट बघा. वरून दाबली तर काही होत नाही. बाजूने ढकलली की लगेच तिरकी. खांब आणि तुळईचा सांधा असाच वागतो. कुसू खांबाला जागेवरून सरकू देत नाही, पण कोन धरून ठेवायची ताकद त्यात फारशी नसते. आता कोपऱ्यात ही तिरकी पट्टी ठोकतो, हाच कोनाचा आधार. ढकलून बघतो. हलत नाही. लाकूड तेच, खिळे तसेच, फक्त कोपऱ्यात त्रिकोण झाला.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधली हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या भिंतींना आतून एक आणि बाहेरून एक असे दोन थर होते, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. हादऱ्याने थर सुटले आणि भिंती ढासळल्या. पण काही घरांत भिंती पडूनही लाकडी सांगाडा छत धरून उभा राहिला. याउलट लाकूड वाचवायला भिंतीकडचे खांब गाळून तुळईचं टोक भिंतीवरच टेकवलं असेल, तर भिंतीमागोमाग छत येणारच. म्हणून आज घरी गेल्यावर पहिलं हे बघा: प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांखाली खांब आहे का? नसेल तर तिथे नवा खांब, हे पहिलं काम.

दुसरं काम लाकूड तपासायचं. खांबाचा तळ आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक, या दोन जागा ओल धरतात आणि वाळवी तिथूनच शिरते. स्क्रूड्रायव्हर जोराने टोचा. सेंटिमीटरभर सहज आत गेला, तर लाकूड गेलेलं आहे. शेजारी टेकू लावून तुळईचा भार जॅकवर घ्या, तोही काही मिलिमीटरच. जास्त उचललं तर वरची माती फुटते. मग कुजका भाग कापून नवं लाकूड अर्ध्याला अर्धं जोडा, म्हणजे दोन्ही टोकांची अर्धी जाडी कापून ती एकमेकांत बसवा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट हवी. नुसतं सपाट कापून खाली ठोकळा सरकवला तर हादऱ्यात तो निसटतो.

आता माती. ती 20 सेंटिमीटरपर्यंत कमी करा. मगाचच्या खोलीवर बाराऐवजी चार टन उरतात. सगळ्या छतावरून थोडी थोडी, सारख्या थरांनी काढा. एक बाजू मोकळी आणि दुसरी भरलेली असं अर्धवट ठेवलंत तर सांगाडा कलतो. काढलेली माती माळवदावरच ढीग करून ठेवू नका. उरलेल्या थराच्या मधोमध जाड प्लास्टिकचा कागद अंथरा आणि पन्हाळाकडे दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार द्या. गळती थांबली की नवी माती टाकायचं कारणच राहत नाही. माती काढून वर सिमेंटचा स्लॅब टाकायचा मोह मात्र टाळा: 12 सेंटिमीटरचा स्लॅब दर चौरस मीटरला 300 किलो भरतो आणि खाली त्याच सुट्या भिंती असतात.

मग कोनाचे आधार. वाळलेलं लाकूड घ्या, साधारण तीन बाय चार इंच. 45 अंशांत बसवा, खांब आणि तुळई दोन्हीवर कोपऱ्यापासून 60 सेंटिमीटरवर. मधल्या खांबाला दोन्ही बाजूंनी. घराच्या लांबीत आणि रुंदीतही हवेत; एकाच दिशेला लावले तर दुसरीकडे घर तसंच मोकळं. दोन्ही टोकांना 12 मिलिमीटरचा आरपार बोल्ट आणि नटाखाली मोठा वॉशर. बोल्टचं भोक लाकडाच्या टोकापासून किमान 9 सेंटिमीटर आत, नाहीतर ताण आला की टोक चिरतं. खांबात खाच दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको, आणि कुसवाच्या जागेला तर हातच लावू नका. नुसत्या खिळ्यांवर भागवू नका, हलल्यावर ते उपटून येतात.

पेठेतल्या दुकानाला दर्शनी भिंत नसते, त्यामुळे पुढचे खांब सगळ्यात लवकर कलतात. तिथे आधार डोक्याच्या वर जातो, गिऱ्हाइकाला अडचण होत नाही. म्हणून सुरुवात पुढूनच करा.

भिंत फुगलेली दिसली, तर मात्र काहीही हलवण्याआधी इंजिनिअरला दाखवा. भिंतीत आरपार दगड घालायचे तर उंचीत दर 60 सेंटिमीटरवर आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटरवर. त्यासाठी भिंत उकरावी लागते, एका वेळी एकच जागा.

नवं लाकूड पहिल्या उन्हाळ्यात आकसतं आणि बोल्ट सैल पडतात. मे महिन्याच्या शेवटी पाना घेऊन सगळे नट पुन्हा आवळा.